स्त्रीबीज अंडाशयात कसं घडतं? खोक्यातले आणि मोबाइलवरचे नेहमीचे प्रश्न

तासगावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते तेव्हा वर्गाच्या कोपऱ्यात बेदाण्याचा एक रिकामा खोका ठेवायचे, वरून चीर पाडलेला. मानवी प्रजननाचा धडा आला की वर्गात हात कोणी वर करायचं नाही, पण आठवड्यात खोका चिठ्ठ्यांनी भरायचा. निवृत्तीनंतर खोका माळ्यावर गेला आणि प्रश्न मोबाइलवर यायला लागले. विचारणाऱ्या बऱ्याचशा त्याच मुली, फक्त आता हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो आणि शेजारी सासूबाई. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही, मास्तरीण आहे. शरीरात काय घडतं ते सांगेन; गोळी कुठली घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

अंडाशय, बीजकोश, बीजांडकोश, ओव्हरी हे सगळं एकच का?

एकच. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक, कवचासकट बदामासारखं, ३ ते ५ सेंटिमीटर लांब. आपल्याकडे जिला 'पिशवी' म्हणतात ती वेगळी, ते गर्भाशय. तसंच बीज, स्त्रीबीज, अंडं, अंडपेशी, एग हेही सगळं एकच. सोनोग्राफीत दिसतं ते मात्र बीज नाही. ते बीज ज्या पाण्याच्या फुग्यात बसलेलं असतं तो फुगा दिसतो. रिपोर्टवर त्याला फॉलिकल लिहितात, पुस्तकात पुटिका. या दोन शब्दांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून हे आधी.

दर महिन्याला नवीन बीज तयार होतं ना?

नाही. तीस वर्षं शिकवलं, आणि दर वर्षी वर्गाला सगळ्यात अवघड गेलेली गोष्ट हीच.

पुरुषात शुक्रजंतू वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत नव्याने तयार होत राहतात. एक खेप तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. बाईचं तसं नाही. तिची सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. गर्भ पाच महिन्यांचा होतो तेव्हा त्याच्या दोन्ही अंडाशयांत मिळून ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. तिथून पुढे फक्त उतरण. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत ३ ते ४ लाख. त्यातली उभ्या आयुष्यात बाहेर पडतात ४०० ते ५००. बाकीची जागच्या जागी विरून जातात.

हिशेब करून बघा. बाराव्या-तेराव्या वर्षी ३ लाख धरली आणि पन्नाशीपर्यंत जवळपास सगळी संपली, तर सरासरी महिन्याला ७०० च्या आसपास जातात, दिवसाला वीस-बावीस. बाहेर पडतं त्यातलं महिन्याला एक.

नवीन बीजं तयार होऊ शकतात, असा दावा २००४ साली उंदरांवरच्या एका संशोधनातून झाला होता. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. व्यवहारात धरून चालायचं ते एवढंच, की ही शिदोरी जन्माआधीच बांधलेली असते आणि तिच्यात भर पडत नाही.

याचा एक अर्थ वर्गात सांगितला की मुली गप्प व्हायच्या. १९७२ च्या दुष्काळात आटपाडी-जतकडच्या कितीतरी बायका पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या आणि सुकडी खाऊन दिवस काढत होत्या. त्यांच्या पोटातल्या मुलींच्या अंडाशयांत त्याच महिन्यांत बीजं घडत होती. अशी एखादी मुलगी १९७३ ला जन्मली आणि १९९५ ला आई झाली असं धरा. १९९५ च्या त्या लेकराचं अर्धं मूळ आजीच्या पोटात, खडीच्या ढिगाऱ्याशेजारी घडलेलं. माझ्या बाकांवर तेव्हा बसलेल्या निम्म्या मुलींची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच होती.

ती बीजं अंडाशयातच उगवतात का?

गंमत म्हणजे नाही. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतो तेव्हा या मूळ पेशी अंडाशयाच्या बाहेर, गर्भाला जोडलेल्या पीतक पिशवीच्या (योक सॅक) भिंतीत असतात. तिथून सरकत सरकत त्या जिथे पुढे अंडाशय होणार त्या जागी पोचतात. पोचतात तेव्हा हजार-दोन हजारच असतात. दुपटीने वाढत साठ-सत्तर लाख होतात ते तिथे गेल्यावर.

जन्मापासून पाळीपर्यंत आणि पुढे तीस-चाळीस वर्षं ते बीज करतं तरी काय?

थांबून राहतं, आणि तेही अर्ध्या कामावर.

शरीरातल्या साध्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. बीजात २३ च हवीत, कारण उरलेली २३ शुक्रजंतूकडून यायची आहेत. ४६ चे २३ करणारं विशेष विभाजन गर्भ साधारण तीन महिन्यांचा असतानाच सुरू होतं. आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रं शेजारी शेजारी येतात, आपापले तुकडे एकमेकांशी बदलतात, आणि तिथेच काम थांबतं. पत्ते पिसून झालेले, वाटप राहिलेलं. ते वाटप कुणाचं तेराव्या वर्षी होतं, कुणाचं चाळिसाव्या.

या काळात प्रत्येक बीजाभोवती चपट्या पेशींचा एकच थर असतो. पातळ आवरण, पण काम मोठं. बीज वाढायला लागल्यावर याच पेशी त्याला बारीक नळ्यांमधून अन्न पुरवतात, आणि 'अजून थांब' असा रासायनिक निरोपही त्याच देत राहतात. तो निरोप बंद झाल्याशिवाय बीज पुढचं पाऊल टाकत नाही.

या महिन्यात बाहेर पडणारं बीज वाढायला कधी लागलं?

बहुतेकजणी सांगतात, पाळी आली त्या दिवशी. खरं उत्तर द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या माणसाला पटकन कळतं.

ऑक्टोबरला फळछाटणी केली की काही दिवसांत फुटीवर घड दिसायला लागतात. नवख्याला वाटतं, घड आत्ता तयार झाला. बागेत वाढलेल्या पोरालाही माहीत असतं की तो घड एप्रिल छाटणीनंतरच वेलीच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, बसलेला होता. सूक्ष्मघड निर्मितीच्या त्या दिवसांत ऊन, पाणी, खत यांत चूक झाली तर ऑक्टोबरात डोक्यावर हात मारून घेण्यापलीकडे काही उरत नाही.

बीजाचंही तसंच आहे. झोपलेली पुटिका जागी झाल्यापासून बीज बाहेर पडेपर्यंत वर्षभराच्या आसपास काळ जातो. सुरुवातीचे कित्येक महिने अगदी संथ. चपट्या पेशी फुगून चौकोनी होतात, मग एकाचे दोन, दोनाचे अनेक थर होतात. बीज स्वतः मोठं होतं, ०.०३ मिलिमीटरवरून ०.१ मिलिमीटरच्या थोडं पुढे. त्याच्याभोवती काचेसारखं पारदर्शक कवच तयार होतं. बाहेरून रक्तवाहिन्या येतात, आणखी एक पेशींचा थर चढतो. अनेक थरांची पुटिका झाल्यापासून बीज बाहेर पडेपर्यंत सुमारे ८५ दिवस लागतात. पुटिकेत पाणी साठतं ते या टप्प्यात, आणि पाण्याचा फुगा २-३ मिलिमीटरचा झाला की सोनोग्राफीत दिसायला लागतो. ज्याला आपण 'या महिन्याची पाळी' म्हणतो त्यात फक्त शेवटचे दोन आठवडे मोडतात.

डॉक्टर 'तीन महिने थांबून बघू' म्हणतात त्यामागेही बऱ्याचदा हाच हिशेब असतो. टाळाटाळ म्हणून घेऊ नका.

पाळी सुरू होण्याआधी लहान मुलीचं अंडाशय झोपलेलं असतं का?

पूर्ण झोपलेलं नसतं. पुटिका तेव्हाही जाग्या होतात, थोड्या वाढतात आणि विरतात. मेंदूकडून शेवटच्या टप्प्याचा संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) पुरवठा सुरू झालेला नसतो, म्हणून कुणी पैलतीर गाठत नाही. मुलगी शहाणी झाल्यावरही पहिली एक-दोन वर्षं पुष्कळदा बीज बाहेर न पडताच पाळी येते, त्यामुळे ती मागेपुढे होते. पंधरा वर्षांच्या मुलीची पाळी चाळीस दिवसांनी आली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. तीन-तीन महिने आलीच नाही तर मात्र दाखवा.

दर महिन्याला इतक्या पुटिका वाढतात, मग एकच कशी पुढे जाते?

पाळीच्या सुमाराला दोन्ही अंडाशयांत मिळून दहा-वीस लहान पुटिका तयारीत असतात. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते, आणि त्यावर त्या सगळ्या वाढायला लागतात. इथे बागेतली विरळणी आठवेल, पण एक फरक आहे. बागेत कात्री घेऊन मणी काढणारी बाई बाहेरची असते. इथे बाहेरचं कुणी नसतं.

त्यापेक्षा आमच्याकडच्या म्हैसाळ योजनेच्या कालव्याच्या पाण्याचं उदाहरण बरं. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, चालू आहे तोवर सगळीच रोपं तरारतात. त्यातलं एक किंचित पुढे असतं, त्याची मुळं खोल गेलेली असतात. पुढे असलेली पुटिका इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन ही संप्रेरकं तयार करते, आणि ती दोन्ही रक्तातून वर जाऊन पियुषिकेला सांगतात की पाणी कमी कर. एफएसएच खाली येतं. बाकीच्या पुटिका सुकतात. पुढची मात्र थोड्या पाण्यावर तगते, कारण एफएसएच पकडायची तिची ताकद वाढलेली असते, शिवाय एलएच या दुसऱ्या संप्रेरकावरही ती आता जगू शकते. थोडक्यात तिने स्वतःच पाण्याची चारी बंद केली. मला ही कायम थोडी राजकारणी वाटत आलेली आहे.

तिचा आकार १० मिलिमीटरच्या आसपास गेला की निवड पक्की झाली असं समजतात. बाहेर पडायच्या वेळी ती १८ ते २५ मिलिमीटरची असते, बोराएवढी.

'अंडं फुटलं' म्हणतात, म्हणजे बीज फुटतं?

फुटते ती पुटिका. बीज अख्खंच बाहेर येतं.

इस्ट्रोजेन बरंच वाढून दोन दिवस टिकलं की पियुषिकेचा पवित्रा उलटतो आणि ती एलएचचा मोठा लोंढा सोडते. लोंढा सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांत बीज बाहेर पडतं. त्या दीड दिवसात आत बरंच काही उरकलं जातं. भोवतालच्या पेशींचा 'थांब' हा निरोप बंद होतो, आणि वर्षानुवर्षं थांबलेलं विभाजन पुढे सरकतं. पत्ते वाटले जातात, पण वाटणी सारखी नसते. गुणसूत्रं निम्मी-निम्मी होतात, पेशीतला बाकीचा सगळा ऐवज मात्र एकाच वाट्याला येतो. दुसऱ्या वाट्याला येते नुसती चिमुकली पुडी. तिला ध्रुवपिंड म्हणतात, आणि ती पुढे नाहीशी होते. बीजाला येणारे काही दिवस स्वतःच्या साठ्यावर काढायचे असतात, म्हणून हा पक्षपात.

आणि एवढं होऊन बीज पुन्हा थांबतं! दुसरं विभाजन अर्ध्यावर सोडून ते बाहेर पडतं, आणि शुक्रजंतू आत शिरला तरच ते पुरं करतं. म्हणजे 'पूर्ण तयार बीज' असं काही फलनाआधी नसतंच. परीक्षेत हा प्रश्न मी दर वर्षी घालायचे, आणि दर वर्षी पाच-सहाजणच सोडवायचे.

बाहेर पडलेलं बीज अंडवाहिनीच्या झालरीसारख्या टोकात ओढलं जातं. आकार ०.१ मिलिमीटरच्या जवळपास, रांगोळीच्या अगदी बारीक कणाएवढा. नीट उजेडात नुसत्या डोळ्यांनी ठिपका दिसू शकेल अशी माणसाच्या शरीरातली ही विरळ पेशी. तरी सस्तन प्राण्याचं बीज पहिल्यांदा नेमकं पाहिलं गेलं ते १८२७ मध्ये. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने ते कुत्रीच्या अंडाशयात पाहिलं. त्याआधी १६७२ मध्ये रेनिए द ग्राफ या डच वैद्याने पुटिकांचं वर्णन केलं होतं, पण त्याने फुग्यालाच अंडं मानलं. आपल्या सोनोग्राफीतल्या गोंधळाला साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे म्हणायची.

बाहेर पडल्यावर बीज १२ ते २४ तासच फलनाला योग्य राहतं. शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून मूल हवं असणाऱ्यांसाठी बीज बाहेर पडण्याआधीचे दिवस महत्त्वाचे, नंतरचे नव्हेत.

चौदाव्या दिवशीच बाहेर पडतं ना?

पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर साधारण. बीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचे १२ ते १४ दिवस बऱ्यापैकी ठरलेले असतात, कमीजास्त होतो तो आधीचा काळ. पस्तीस दिवसांची पाळी असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. कॅलेंडरवर चौदावर गोल करून वर्षभर वाट बघणारी जोडपी मला माहीत आहेत.

एका महिन्यात डावीकडून, पुढच्या महिन्यात उजवीकडून?

असा पाळीपाळीचा नियम नाही. एक अंडाशय ऑपरेशनमध्ये काढावं लागलं तर उरलेलं एकटं बहुतेक महिन्यांत काम भागवतं.

फुटलेल्या पुटिकेचं पुढे काय होतं?

तिचा पीतपिंड होतो. नाव शब्दशः खरं आहे. गोळा पिवळा दिसतो, आपल्या सांगलीच्या हळदीपेक्षा जरा फिका. तो प्रोजेस्टेरॉन तयार करून गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतो. गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांत सुकतो, अस्तर सुटतं आणि पाळी येते.

रिपोर्टमध्ये पीसीओडी आलंय. अंडाशयात गाठी झाल्यात, काढाव्या लागतील का?

त्या गाठी नव्हेत. त्या अर्ध्या वाटेवर अडकलेल्या पुटिका आहेत, आणि त्या काढायच्या नसतात. या नावाने जितक्या मुलींना रडवलंय तितकं दुसऱ्या कुठल्या शब्दाने नसेल.

वर जी निवड सांगितली ती इथे होत नाही. पुटिकेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी अँड्रोजेन, म्हणजे लोक ज्याला पुरुषी संप्रेरक म्हणतात ते, तयार करतात. आतल्या थरातल्या पेशी त्याचं इस्ट्रोजेन करतात. एलएच जास्त असेल आणि रक्तात इन्सुलिन जास्त असेल तर बाहेरचा थर जोरात चालतो, आतल्याला तेवढं काम उरकत नाही. पुटिका लहानच राहतात, कुणीच पुढे जात नाही, बीज बाहेर पडत नाही, पाळी लांबते. अँड्रोजेन वाढल्यामुळे हनुवटीवर केस, तोंडावर फोड.

एक गोष्ट लक्षात ठेवा. नुसत्या सोनोग्राफीवर हे निदान होत नाही. अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा तपासणी, आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात, आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणं नाहीत हे बघावं लागतं. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीचा आधार घेऊच नये असं आता मानतात, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही भरपूर पुटिका दिसतात. बारावीतल्या मुलीच्या हातात असा रिपोर्ट देऊन 'लग्नाचं लवकर बघा' असा सल्ला दिलेला मी ऐकलाय. कुणी दिला ते जाऊ दे. ती मुलगी आज दोन लेकरांची आई आहे, आणि तिचं पदव्युत्तर शिक्षण त्या एका वाक्यामुळे राहिलं.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरवल्यानेही पुष्कळजणींचं बीज पुन्हा बाहेर पडायला लागतं. बारीक मुलींनाही हा त्रास असतो. त्यांना उपाशी राहायला सांगू नका.

एएमएच कमी आलंय. आता मूल होणार नाही का?

असं त्या आकड्यातून ठरत नाही. वाढीला लागलेल्या लहान पुटिका एएमएच तयार करतात, म्हणून ते शिल्लक किती याचा अंदाज देतं. बीज कसं आहे, हे त्यातून कळत नाही. डब्यात बेदाणे किती ते वजन केल्यावर कळतं, चव कळत नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल ते ठरवायला हा आकडा खरोखर उपयोगी पडतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांमध्ये एएमएच कमी असणाऱ्यांना दिवस जायची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. शिल्लक कमी म्हणजे वेळ कमी, एवढा अर्थ घ्यावा आणि निर्णय लांबवू नये.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का? सोपी, स्वस्त, सुई न टोचता होणारी. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाचा वाटा असतो, एकट्याचा किंवा दोघांचा मिळून. तरी मिरजेच्या दवाखान्यात चार फेऱ्या होतात त्या एकट्या बाईच्याच.

पस्तिशीनंतर बीज 'खराब' होतं म्हणतात. खराब म्हणजे काय?

ते कुजत-बिजत नाही. वाटपात चूक व्हायची शक्यता वाढते. गुणसूत्रांना जोडून धरणारी काही प्रथिनं बीज गर्भात घडतानाच बसवलेली असतात आणि पुढे जवळजवळ बदलली जात नाहीत. वेल मांडवाला बांधलेली सुतळी पस्तीस-चाळीस वर्षं तीच राहिली तर काय होईल? ऐन ताणाच्या वेळी सुटेल. मग बीजात एखादं गुणसूत्र जास्त जातं किंवा कमी. अशी बहुतेक बीजं रुजतच नाहीत किंवा पहिल्या तिमाहीत गर्भपात होतो. २१ वं गुणसूत्र जास्तीचं आलं तर डाउन सिंड्रोम. पंचविशीतल्या आईला त्याची शक्यता साधारण १२५० त १, पस्तिशीत ३५० त १, चाळिशीत १०० त १. म्हणजे चाळिशीतही शंभरातल्या नव्याण्णव मुलांना ते नसतं. दोन्ही बाजू सांगायला हव्यात.

'बीज वाढवणारी' पावडर मिळते. घ्यावी का?

संख्या वाढवणारी पावडर नाही, होऊच शकत नाही. वरचे आकडे पुन्हा वाचा. 'पंधरा दिवसांत बीज सुधारेल' असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, या महिन्याची पुटिका किती महिन्यांपूर्वी जागी झाली होती? माझ्या भाचीने अशा पुड्यांवर दीड वर्ष घालवलं. पैसे गेले त्याचं तेवढं वाटत नाही. ती तेव्हा छत्तीसची होती, आणि गेलेलं दीड वर्ष परत आणायची पुडी कुणी विकत नाही. डॉक्टर लिहून देतात त्या फॉलिक अॅसिडच्या गोळीची गोष्ट वेगळी. ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी असते, आणि दिवस जाण्याआधीपासून घ्यावी.

गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायची गोळी घेते. तेवढी बीजं वाचतात का? की वाया जातात?

दोन्ही नाही. पुटिका जाग्या होणं आणि विरणं गोळीवर, गरोदरपणावर किंवा अंगावर पाजण्यावर थांबत नाही. दहा वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तरी पाळी दहा वर्षं उशिरा जात नाही. पायात रक्ताची गाठ होण्याचा त्रास कधी झाला असेल तर पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

टेस्ट ट्यूब बेबीसाठी एकदम दहा-बारा बीजं काढतात. मग पाळी लवकर जाते का?

नाही. त्या महिन्यात एफएसएचचं पाणी कमी झाल्यावर ज्या सुकणार होत्या त्याच पुटिकांना इंजेक्शनने पाणी चालू ठेवतात. पुढच्या महिन्यांच्या साठ्याला हात लागत नाही. एलएचच्या लोंढ्याची नक्कल करणारं एक इंजेक्शन देऊन साधारण ३५-३६ तासांनी बीजं सुईने काढून घेतात, वेळ चुकली तर ती हाती लागत नाहीत. याचा खरा धोका वेगळा, अंडाशय जास्त फुगून पोटात पाणी होण्याचा. त्यावर डॉक्टर लक्ष ठेवतात. पैशासाठी बीज द्यायला बोलावणारे दलाल फिरतात, म्हणून कायदाही सांगते. २०२१ च्या कायद्यानुसार बीजदाती २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच देऊ शकते, आणि तिची सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत.

पिशवी काढली की बीजंही संपतात?

अंडाशय ठेवले असतील तर नाही. पाळी दिसत नाही, पण बीज वाढणं, बाहेर पडणं, विरणं चालू राहतं आणि संप्रेरकंही मिळत राहतात. अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका रात्रीत सुरू होतात. घाम, झोप न लागणं, पुढे हाडं ठिसूळ. आपल्याकडच्या कारखान्यांवर बीडहून ऊसतोडीला येणाऱ्या बायकांनी तिशीतच पिशव्या काढल्याचं उघड झालं आणि २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ऑपरेशनआधी दोनच गोष्टी विचारा. पिशवी का काढताय, आणि अंडाशय ठेवणार का? उत्तर कागदावर घ्या.

तिसरीही मुलगीच. दोष बीजाचा का?

स्त्रीबीजात एक्स गुणसूत्रच असतं, प्रत्येक बीजात. मुलगा की मुलगी ते शुक्रजंतूतल्या एक्स किंवा वाय वरून ठरतं. शेजारच्या साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेने 'नकुसा' नावाच्या २८५ मुलींना नवी नावं दिली. त्यांच्या आयांना जे ऐकावं लागलं असेल त्याला शास्त्राचा काडीचा आधार नव्हता.

जोडकेळं खाल्लं की जुळी होतात?

नाही हो. एकाच महिन्यात दोन बीजं बाहेर पडली तर भिन्न जुळी, फलन झालेल्या एकाच बीजाचे दोन भाग झाले तर सारखी. केळं बिनधास्त खा.

मिश्री लावते. त्याचा बीजावर परिणाम होतो?

विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी एक-दोन वर्षं लवकर जाते, हे पक्कं आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गरोदरपणात लावली तर बाळाचं वजन कमी भरतं. माझी आई आयुष्यभर लावायची, म्हणून सुटायला किती जड जातं तेही माहीत आहे. दिवस राहावेत असं मनात आलं त्याच दिवशी सोडा, राहिल्यावर नको.

पाळी जाते तेव्हा बीजं शून्य होतात का?

अगदी शून्य नाही. हजारभर उरतात, पण ती संप्रेरकांना दाद देत नाहीत. आपल्याकडे हे बहुधा सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास होतं. चाळिशीच्या आत पाळी गेली तर 'आमच्या घरात अशीच लवकर जाते' म्हणून सोडून देऊ नका. शंभरातल्या एखादीला हे होतं, आणि हाडांसाठी, हृदयासाठी उपचार लागतात. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं. त्यानंतर कधीही, दोन थेंब का होईना, रक्त दिसलं तर 'परत आली वाटतं' म्हणून हसण्यावारी न नेता त्याच आठवड्यात दाखवून या.